हवाई छत्री कुणासाठी? लेनोर्मांच्या मनोऱ्यापासून ड्रोनच्या पॅराशूटपर्यंत

#थ्रेड #इतिहास

१/ मे २०१९, स्वित्झर्लंडमधील झ्युरिक. रुग्णालयांसाठी तपासणीचे नमुने वाहून नेणाऱ्या टपाल सेवेच्या ताफ्यातील सुमारे दहा किलो वजनाचा एक ड्रोन हवेत असताना बिघडला. आखून ठेवल्याप्रमाणे पॅराशूट बाहेर फेकले गेले. मात्र ड्रोन आणि पॅराशूट यांना जोडणारी दोरी तुटली. छत्री एकीकडे गेली आणि ड्रोन दगडासारखा खाली आला. तो जिथे आदळला, तिथून सुमारे पन्नास मीटरवर लहान मुलांचा एक गट होता. कुणालाही इजा झाली नाही.

२/ त्या मुलांनी उडण्याचा निर्णय घेतला नव्हता. तरीही ते पॅराशूट त्यांच्यासाठीच बसवलेले होते. पॅराशूटच्या सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासात हा बदल फार अलीकडचा आहे. आधी हवाई छत्री कसरतपटूची होती, मग वैमानिकाची झाली, मग यंत्राची, आणि आता ती खाली उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची होऊ पाहते आहे. हा प्रवास कसा घडला आणि कृष्णाकाठच्या उंब्रजसारख्या गावाला त्याचे काय, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/ आरंभ १७८३ चा. २६ डिसेंबर रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे लुई-सेबास्तियाँ लेनोर्माँ याने वेधशाळेच्या मनोऱ्यावरून छत्रीवजा साधन घेऊन उडी मारली. ‘पॅराशूट’ हा शब्दही त्यानेच घडवला: ‘पारा’ म्हणजे पासून रक्षण आणि ‘शूत’ म्हणजे पडणे. त्याच्या डोळ्यांसमोर आकाश नव्हतेच. आग लागलेल्या उंच इमारतीतून माणसाला सुखरूप उतरता यावे, हा त्याचा हेतू होता. म्हणजे हे साधन जन्मले तेच आणीबाणीचे साधन म्हणून.

४/ पण लवकरच ते करमणुकीच्या हाती गेले. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसच्या पार्क मोंसोवर आंद्रे-जाक गार्नेरँ बलूनमधून वर गेला, दोर कापला आणि रेशमी छत्रीखाली टांगलेल्या टोपलीतून खाली आला. तो उतरला खरा, पण घड्याळाच्या लंबकासारखा भयंकर हेलकावे खात. कोंडलेली हवा छत्रीच्या एका काठाने, मग दुसऱ्या काठाने निसटत होती. पुढे छत्रीच्या माथ्यावर एक भोक ठेवले गेले. हवेला बाहेर पडायला नेमकी वाट मिळाली आणि हेलकावे कमी झाले. हे भोक आजच्या अनेक पॅराशूटांवरही दिसते.

५/ सुधारणेचा प्रत्येक प्रयत्न असा सुखान्त ठरला नाही. २४ जुलै १८३७ रोजी रॉबर्ट कॉकिंग या एकसष्ट वर्षांच्या इंग्रज चित्रकाराने हेलकावे टाळण्यासाठी उलट्या शंकूच्या आकाराचे पॅराशूट बनवले. आकाराची कल्पना अगदीच निराधार नव्हती. पण साधनाचेच वजन सुमारे अडीचशे पौंड होते आणि सांगाडा दुबळा. सुमारे पाच हजार फुटांवर बलूनपासून सुटताच तो मोडला आणि कॉकिंगचा अंत झाला. छत्रीची कल्पना बरोबर असून भागत नाही, तिचा प्रत्येक सांधा ताण सोसणारा हवा, हा धडा इथे प्रथम मिळाला. झ्युरिकची दोरी तुटली तेव्हा तो पुन्हा आठवावा लागला.

६/ हिंदुस्थानाने ही विद्या पाहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८९ मध्ये पर्सिव्हल स्पेन्सर हा इंग्रज बलूनवीर येथे आला आणि मुंबई व कलकत्ता येथे त्याने प्रयोग केले. त्याच्याकडून शिकलेले रामचंद्र चटर्जी हे सर्कशीत कसरती करणारे बंगाली गृहस्थ त्याच वर्षी एकट्याने बलूनमधून उडाले आणि १८९० मध्ये कलकत्त्यात पॅराशूटने खाली उतरले. पॅराशूटने उतरणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तोवर ही छत्री केवळ धाडसी कलावंताची होती. खाली उभा असलेला माणूस प्रेक्षक होता, टाळ्या वाजवणारा.

७/ विमाने आली आणि छत्रीचा मालक बदलू लागला, पण सावकाश. पहिल्या महायुद्धात निरीक्षण बलूनमधील सैनिकांना पॅराशूट मिळत असे, ब्रिटिश वैमानिकांना मात्र नाही. वजन आणि जागा ही कारणे दिली जात. वैमानिक विमान अकाली सोडून देतील अशी शंकाही बोलून दाखवली जाई. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्व्हिनने अमेरिकेत विमानातून मोकळी उडी मारून स्वतःच्या हाताने दोरी ओढली आणि पॅराशूट उघडले. पडणाऱ्या माणसाची शुद्ध हरपते, हा समज त्या दिवशी खोटा ठरला.

८/ पुढे पॅराशूटने जीव वाचलेल्यांचा ‘कॅटरपिलर क्लब’ निघाला. नाव रेशमाच्या किड्यावरून, कारण छत्री रेशमाची. विम्यासारखी ती वैमानिकाच्या पाठीवर कायमची बसली. या काळातली मूळ कल्पना लक्षात ठेवण्याजोगी आहे: यंत्र गेले तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे. रिकामे विमान कुणाच्या शेतात किंवा छपरावर पडेल, हा प्रश्न तेव्हा दुय्यम होता.

९/ साताऱ्या-सांगलीच्या माणसाला पॅराशूट ओळखीचे आहे ते वेगळ्या वाटेने. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, ‘२ पॅरा (मराठा)’. ११ डिसेंबर १९७१ रोजी हीच पलटण पूर्व बंगालमधील टांगाईलजवळ उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवण्यासाठी तिने पुंगली पूल ताब्यात घेतला. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. येथे छत्री बचावाची राहिली नव्हती. ती रणांगणावर पोचण्याची वाट झाली होती.

१०/ आता तिसरा मालक: यंत्र. विमानविरोधी तोफांच्या सरावासाठी वैमानिकाविना उडणारे लक्ष्य हवे होते. ब्रिटनने १९३५ मध्ये रेडिओने चालणारे ‘क्वीन बी’ आणले. नर मधमाशीला इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणतात आणि वैमानिकरहित विमानाला मिळालेले हे नाव याच राणीमाशीशी जोडले जाते. अमेरिकेत रेजिनाल्ड डेनी या हॉलिवूडमधील अभिनेत्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे पंधरा हजार लहान लक्ष्यविमाने बनवली.

११/ रेडिओप्लेनचे ते विमान तोफांच्या माऱ्यातून वाचले तर उतरायचे कसे? त्यात चोवीस फूट व्यासाचे पॅराशूट होते. चालकाने आज्ञा दिली की ते उघडे, विमान खाली येई आणि दुरुस्त होऊन पुन्हा उडे. ड्रोन आणि पॅराशूट यांचे नाते इतके जुने आहे. कॅलिफोर्नियातील या कारखान्यात पॅराशूट तपासण्याचे काम करणारी एक तरुण कामगार होती, नॉर्मा जीन. लष्करी छायाचित्रकार डेव्हिड कोनोव्हर याने तिथे तिची छायाचित्रे काढली आणि तिचे आयुष्य बदलले. जग तिला मेरिलिन मन्रो म्हणून ओळखते.

१२/ शीतयुद्धात हा व्यवहार आणखी पुढे गेला. जेट इंजिनाचे ‘फायरबी’ हे लक्ष्यविमान १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्याच्याच टेहळणी करणाऱ्या भावंडांनी व्हिएतनामवर तीन हजारांहून अधिक फेऱ्या केल्या. परतल्यावर ती पॅराशूट उघडत आणि पुष्कळदा हेलिकॉप्टर त्या पॅराशूटलाच आकडा टाकून त्यांना हवेतच पकडे. कारण आत छायाचित्रांची फिल्म होती. छत्री येथे यंत्राला आणि त्यातल्या माहितीला वाचवत होती. जमिनीवरच्या माणसाचा विचार अजूनही नव्हता, कारण उड्डाणे सरावक्षेत्रांवर, समुद्रावर किंवा शत्रूच्या भूमीवर होत.

१३/ भारतातही हेच घडले. डीआरडीओच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेने घडवलेले ‘लक्ष्य’ हे वैमानिकरहित विमान रॉकेटच्या धक्क्याने उडते आणि काम झाल्यावर पॅराशूटने उतरते. आदळण्याचा धक्का सोसण्यासाठी त्याचे नाक मुद्दाम चेपणारे केलेले आहे. ‘निशांत’ हे टेहळणीचे विमान यांत्रिक गोफणीने फेकले जाई आणि पॅराशूट व हवेच्या पिशव्यांवर उतरे. छत्र्यांची विद्या आग्र्याच्या एडीआरडीई या संस्थेकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानाच्या चाचणीत प्रवासी कुपी समुद्रात अलगद उतरवणारी पॅराशूटेही तिथलीच.

१४/ आता कथेला वळण देणारा एक अपघात. १९७५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात बोरिस पोपॉव्ह हा तरुण हँगग्लायडरने उडत असताना ग्लायडर मोडले आणि तो सुमारे चारशे फुटांवरून तळ्यात पडला. वाचला. खाली येताना त्याला राग आला तो याचा, की वेळ आहे पण करण्यासारखे काही हाताशी नाही. १९८० मध्ये त्याने कंपनी काढली. तिचे पॅराशूट लहान रॉकेटने बाहेर फेकले जाते आणि माणसासह संपूर्ण विमान खाली आणते. यालाच ‘बॅलिस्टिक’ पॅराशूट म्हणतात.

१५/ सिरस कंपनीचा संस्थापक अ‍ॅलन क्लॅपमायर १९८५ मध्ये हवेतल्या टकरीतून वाचला होता. दुसऱ्या विमानाचा वैमानिक दगावला. त्यातून सिरसच्या प्रत्येक विमानात असे पॅराशूट बसवण्याचा निर्णय झाला. ३ ऑक्टोबर २००२ रोजी टेक्सासमध्ये लायोनेल मॉरिसन या वैमानिकाच्या विमानाच्या पंखाची एक झडप निखळून लोंबू लागली. त्याने दांडा ओढला आणि विमानासह सुखरूप उतरला. येथे माणूस आणि यंत्र एकाच छत्रीखाली आले. ड्रोनच्या पॅराशूटचा तांत्रिक पूर्वज लेनोर्माँपेक्षा पोपॉव्ह अधिक.

१६/ यानंतर चार-सहा पंख्यांचे ड्रोन आले आणि प्रश्नच बदलला. साध्या विमानाचे इंजिन बंद पडले तरी ते पंखांवर तरंगत काही अंतर जाते. हेलिकॉप्टरचे पाते मोकळे फिरत राहून पडण्याचा वेग रोखते. चार पंख्यांच्या ड्रोनला यातले काहीच जमत नाही. त्याला पंख नाहीत, आणि त्याची आखूड, एकाच कोनात बसवलेली पाती मोकळी फिरून त्याला सावरू शकत नाहीत. सहा किंवा आठ पंख्यांचे यंत्र एक मोटार गेली तर सावरू शकते, पण बॅटरी गेली किंवा चालक संगणक बिघडला की तेही तसेच कोसळते.

१७/ आणि हे ड्रोन सरावक्षेत्रावर नव्हे, लोकांच्या डोक्यावर उडू लागले. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतील मादोन्ना दी कांपीलियो येथे बर्फावरील शर्यतीत मार्सेल हिर्शर उतारावरून खाली येत असताना चित्रीकरणाचा ड्रोन त्याच्या पाठीमागे अगदी जवळ कोसळला. क्षणाचा फरक पडला असता तर तो त्याच्या अंगावर आला असता. हे दृश्य जगभर पाहिले गेले आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या शर्यतींवर असे ड्रोन बंद केले.

१८/ थोडे गणित. चार किलोचा ड्रोन तीस मीटरवरून पडला तर हवेचा विरोध सोडून तो सुमारे अडीच सेकंदांत, ताशी ८७ किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर येतो. त्याच्या धक्क्यात सुमारे ११८० जूल ऊर्जा असते. तोच ड्रोन पॅराशूटखाली सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरला तर ऊर्जा ५० जूल उरते, म्हणजे तेविसाव्या भागाहूनही कमी. यासाठी दीड ते पावणेदोन मीटर व्यासाची छत्री पुरते, आणि नीट घडी घातल्यास ती पाण्याच्या बाटलीएवढ्या नळकांड्यात मावते.

१९/ हे गणित कायद्यात उतरवणाऱ्या पहिल्या देशांपैकी एक फ्रान्स, म्हणजे ‘पॅराशूट’ शब्दाचे माहेर. तेथील २०१२ च्या नियमांनी वस्तीवर उडणाऱ्या, दोन किलोंहून जड ड्रोनला असे साधन सक्तीचे केले, ज्यामुळे आदळण्याची ऊर्जा ६९ जूलपेक्षा अधिक होणार नाही. वर घेतलेल्या चार किलोच्या ड्रोनसाठी याचा अर्थ सेकंदाला सहा मीटरपेक्षा कमी वेग. कायद्याने येथे यंत्राची किंमत मोजली नाही. खालच्या माणसाला बसणारा धक्का मोजला. चौथा मालक कागदावर आला तो असा.

२०/ ड्रोनचे पॅराशूट चालते कसे? एक स्वतंत्र संवेदक ड्रोनचा कल आणि पडण्याचा वेग सतत पाहत असतो. यंत्र उलटले किंवा मोकळे पडू लागले की तो स्वतःच निर्णय घेतो, कारण माणसाच्या प्रतिक्रियेला तेवढा वेळ नसतो. आधी मोटारी बंद होतात, नाहीतर फिरती पाती दोऱ्या गुंडाळून टाकतील. मग स्प्रिंग, दाबलेला वायू किंवा लहान स्फोटक छत्रीला दूर फेकतो. कर्कश भोंगा खालच्यांना सावध करतो. संवेदकाची बॅटरीही वेगळी असते, कारण मूळ बॅटरी मेली म्हणूनच तर ड्रोन पडतो आहे.

२१/ २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने लहान ड्रोनच्या पॅराशूटांसाठी एफ३३२२ हे मानक काढले. वेगवेगळ्या प्रकारे मुद्दाम बिघाड घडवून छत्री प्रत्येक वेळी उघडते का आणि किती उंचीत उघडते, हे दाखवणे त्यात आवश्यक आहे. २०१९ मध्ये या मानकाला उतरलेल्या पॅराशूटच्या आधारावर अमेरिकेत एका बांधकाम कंपनीला माणसांच्या वर ड्रोन उडवण्याची सूट मिळाली. पॅराशूट आता परवान्याची किल्लीही झाले होते.

२२/ त्याच वर्षी झ्युरिक घडले. त्या सेवेचा आधीचा अपघात जानेवारी २०१९ मधला. त्या वेळी पॅराशूट उघडले होते आणि ड्रोन झ्युरिकच्या सरोवरात उतरला होता. मे महिन्यात मात्र दोरी धारदार कडेवर कापली गेली. त्यानंतर दोरीला धातूच्या विणीची जोड देण्यात आली, एकाऐवजी दोन ठिकाणी ती बांधण्यात आली आणि इशाऱ्याची शिटी अधिक तीव्र करण्यात आली. संवेदक, संगणक, फेकण्याची यंत्रणा सारे अचूक चालले होते. हरली ती दोरी. कॉकिंगचा सांगाडा आणि ही दोरी यांच्यामध्ये १८२ वर्षे आहेत आणि धडा एकच आहे.

२३/ आता हे सारे सातारा जिल्ह्यातील उंब्रजच्या आकाशाखाली ठेवून पाहू. कऱ्हाड तालुक्यातील हे गाव कृष्णा आणि तारळी यांच्या संगमाजवळ वसले आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, तेव्हा उड्डाणाची कथा गावाला नवी नाही. एका अंगाला पुणे-बंगळुरू महामार्ग, मध्ये दाट वस्ती आणि बाजारपेठ, भोवती ऊस. शेत, रस्ता आणि गर्दी इतक्या जवळ असल्यामुळे ड्रोनच्या पॅराशूटचे गुण आणि मर्यादा दोन्ही येथे एकाच नकाशावर दिसतात.

२४/ आधी ऊस. फवारणीचा ड्रोन पिकावर जेमतेम दोन-तीन मीटर उंचीवर चालतो. तीन मीटरवरून पडायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्यात कोणतेही पॅराशूट फुलत नाही. पण औषधासह पंचवीस किलोचे यंत्र तीन मीटरवरून पडले तरी धक्का सातशे जूलच्या वर जातो, फ्रान्सच्या मर्यादेच्या दहापट. म्हणून येथे छत्रीचा उपयोग नाही. येथे सुरक्षितता म्हणजे अंतर. फवारणी चालू असताना सरीत कुणी उभे राहू नये, मुलांनी बघायला जवळ जाऊ नये, ही साधी शिस्तच या ड्रोनचे पॅराशूट आहे.

२५/ मग मोजणीचा ड्रोन. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा पथदर्शी प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. असे ड्रोन बरेच उंच, थेट घरांच्या वर फिरतात. येथे छत्रीला फुलायला वेळ मिळतो. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविडच्या लसी पोचवल्या गेल्या. माणसाच्या नजरेपलीकडे जाणाऱ्या अशा उड्डाणांत चालकाला खाली कोण आहे हे दिसतही नाही. तिथे पॅराशूटची गरज सर्वाधिक.

२६/ पण छत्री उघडली की नवा धोका जन्मतो. शंभर मीटरवरून सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरायला वीस सेकंद लागतात. ताशी अठरा किलोमीटरचा मध्यम वारा असेल तर तेवढ्या वेळात ड्रोन शंभर मीटर वाहत जातो. शेतावर बिघडलेला ड्रोन पॅराशूटसह महामार्गावर उतरू शकतो. पायी माणसाला पन्नास जूलचा धक्का सोसवेल. पण भरधाव मोटारसायकलस्वाराच्या समोर अचानक पसरलेल्या कापडाचा हिशेब जूलमध्ये मांडता येत नाही. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून रस्त्यापासून अंतर राखणे, हे पॅराशूट असलेल्या चालकाचेही काम उरतेच.

२७/ आणि गर्दी. उंब्रजपासून जवळच, तारळीच्या काठी पाल येथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, लाखोंचा समुदाय जमतो आणि भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो. यात्रा-वाऱ्यांवर ड्रोन फिरणे आता सर्वत्र नेहमीचे झाले आहे. अशा ठिकाणी वारा ड्रोनला कुठेही नेवो, खाली माणूसच असणार. तिथे अकराशे जूल की पन्नास, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर फक्त पॅराशूट देऊ शकते. शक्य असेल तिथे गर्दीच्या काठावरून चित्रण करणे हा त्याहून चांगला उपाय.

२८/ कायदा काय म्हणतो? भारताचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. पुढे सक्तीची करता येतील अशी तीन सुरक्षा-वैशिष्ट्ये त्यांत नावाने सांगितली आहेत: परवानगीशिवाय उड्डाण न होणे, ठावठिकाणा सतत कळवणारा संकेत, आणि ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ न देणारे आभासी कुंपण. तिन्ही वैशिष्ट्ये ड्रोन कुठे जातो याची काळजी घेतात. तो पडतो कसा, याची नाही. अडीचशे ग्रॅमपर्यंतचे अगदी लहान ड्रोन सोडून इतरांना तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. म्हणजे भरपाईची सोय आहे, पण ती पडल्यानंतरची.

२९/ यामागे निष्काळजीपणाच आहे असे म्हणणे सोपे, पण अपुरे ठरेल. पॅराशूट म्हणजे वजन. वजन म्हणजे कमी वेळ उड्डाण, कमी औषध, अधिक खर्च. चुकून उघडलेली छत्री चांगल्या ड्रोनलाही खाली आणते. फवारणीच्या ड्रोनला ती सक्तीची करणे म्हणजे शेतकऱ्याच्या खांद्यावर निरुपयोगी ओझे टाकणे. म्हणून नियम यंत्राच्या वजनावर एकट्या अवलंबून चालणार नाही. उंची किती आणि खाली कोण, या दोन प्रश्नांवर तो बेतावा लागेल. फ्रान्सचा ६९ जूलचा आकडा त्या दिशेचे एक उदाहरण आहे.

३०/ गार्नेरँच्या काळी छत्रीखाली तोच होता ज्याने धोका पत्करला होता. कॉकिंगच्या चुकीची किंमत कॉकिंगने मोजली. अर्व्हिन आणि पोपॉव्ह यांनी स्वतःच्या जिवासाठी मार्ग काढला. त्यांना छत्रीची गरज पटवून द्यावी लागली नाही. ड्रोनच्या बाबतीत पहिल्यांदाच धोका पत्करणारा एक आणि तो सोसणारा दुसरा आहे. चालक जमिनीवर सुरक्षित उभा आहे आणि खालचा माणूस बाजारात भाजी निवडतो आहे. त्याच्या वतीने दोरीची तपासणी मागणारे कुणी नसेल, तर ती तपासणी नियमाने आणि चालकाच्या सवयीने करावी लागेल.

३१/ म्हणून गावात मोजणीला किंवा चित्रणाला ड्रोन आला, तर तीन प्रश्न कुणीही विचारू शकतो. बिघाड झाला तर हा कसा खाली येईल? पॅराशूट असेल तर ते शेवटचे कधी घडी करून तपासले? आणि आज वारा कोणत्या दिशेला आहे? हे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही.

(समाप्त)